दोन आकड्यांमधला धुरा

वर्ध्याला लागूनच्या सिंदी मेघेत छायाबाई निमसडेंच्या दारात स्टीलचा एक डबा ठेवलेला असतो. पोळ्यांचा आहे, झाकणाला पोचा आलेला. शिकवणीला येणाऱ्या पोरांनी चपला काढायच्या, मोबाइल त्या डब्यात टाकायचा आणि मगच आत यायचं. एकदा एका पोराचे वडील, बँकेत कॅशियर असलेले, म्हणाले की मॅडम, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतो, तेवढा तरी वापरू द्या. छायाबाई म्हणाल्या, वापरू द्या की, पण मग पोराला कशाला पाठवता, मोबाइललाच पाठवत जा. ते गृहस्थ पुन्हा काही विचारायला आले नाहीत. पोरगा मात्र येत राहिला.

डब्यापेक्षा पोरांना जास्त जाचतो तो दुसरा नियम. शनिवारच्या तासाला पेन्सिलसुद्धा हातात घ्यायची नाही. छायाबाई नुसते दोन आकडे बोलणार, तेही असे अवाढव्य की लिहून काढायचे म्हटले तर वही संपावी. नव्याण्णवचा विसावा घात मोठा, की नऊ हजार नऊशे नव्याण्णवचा दहावा? म्हणजे नव्याण्णव वीस वेळा मांडून सगळ्यांचा गुणाकार, आणि समोर तो दुसरा आकडा दहा वेळा मांडून त्यांचा. पोरांनी गुणाकार करायचाच नाही, फक्त मोठा कोणता ते सांगायचं, आणि का ते सांगायचं. नवीन पोरं छताकडे पाहतात. जुनी पोरं डोळे मिटतात आणि सांगतात, मॅडम, नव्याण्णवच्या जोड्या लावल्या, एक जोडी नऊ हजार आठशे एक, अशा दहा जोड्या. समोरही दहाच आहेत, पण प्रत्येक आकडा जास्त. दुसरा मोठा. छायाबाई मान हलवतात आणि पुढचे दोन आकडे टाकतात. कौतुक करायची त्यांना सवय नाही आणि पोरांनाही आता त्याची गरज वाटत नाही.

बाई बुटक्या, सावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. आवाज मात्र असा की गल्लीच्या टोकाला भाजीवाला थांबतो. कोणी नमतं घ्या म्हटलं की त्यांना हटकून उलटं सुचतं. हा स्वभाव जन्मतः नव्हता हे सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही, पण तीच खरी गोष्ट आहे.

ही मोठे आकडे जोखायची विद्या त्या कॉलेजात शिकल्या नाहीत. ती त्यांच्या वडिलांची. महादेवराव सेलूजवळच्या एका खेड्यात कापूस आणि तूर लावत. गावात दोन चुलतभाऊ होते, रामा आणि किसना. वाटणीनंतर दोघांचं भांडण लागलं की कोणाचं वावर मोठं. तलाठी यायचा तेव्हा येणार, तोवर डोकी फुटायची वेळ आली. महादेवरावांनी दोघांना पारावर बसवलं. दोघांच्या वावरांच्या मध्ये गोविंदाचं वावर होतं. महादेवराव म्हणाले, "रामा, तुह्यं वावर गोविंदाच्या वावराहून लहान, हे तू काल माह्याजवळ कबूल केलं. किसना, तुह्यं गोविंदाच्याहून मोठं, हे तू सोता सांगत फिरतं. मंग तुमचं दोघायचं मोजता कायले?"

छाया तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती, पाराच्या कडेला बसून चिंचा खात होती. तिच्या डोक्यात ते कायमचं बसलं. दोन गोष्टी शेजारी ठेवता येत नसतील तर मध्ये तिसरी उभी कर. एक तिच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. वऱ्हाडात दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. छाया मनातल्या मनात त्याला धुरा घालणं म्हणू लागली, आणि आजही सतरंजीवरची पोरं हाच शब्द वापरतात. कुठल्या पुस्तकात सापडत नाही म्हणून एकदोघांनी बाहेर बोलणीही खाल्ली आहेत.

दहावीत असताना सेलूला तालुक्यातल्या शाळांची गणिताची स्पर्धा झाली. पहिल्या येणाऱ्याला वर्ध्याला राहून शिकायची सोय होणार होती. शेवटचा प्रश्न होता, एकतीसचा अकरावा घात मोठा की सतराचा चौदावा. बाकीच्या पोरांनी गुणाकाराने पानं भरली आणि मध्येच सोडली. छायाने दोन मिनिटं डोळे मिटले. एकतीस म्हणजे बत्तीसला एक कमी. बत्तीस म्हणजे पाच वेळा दोन. असे अकरा, म्हणजे पंचावन्न दोन झाले, आणि आपला एकतीसवाला त्याच्याही खाली. सतरा म्हणजे सोळाला एक जास्त. सोळा म्हणजे चार वेळा दोन. असे चौदा, म्हणजे छप्पन्न दोन, आणि सतरावाला त्याच्याही वर. पंचावन्न दोन आणि छप्पन्न दोन यांच्यामध्ये धुरा पडला, विषय संपला. तिने लिहिलं, सतराचा चौदावा मोठा. एवढंच लिहिलं. बापाने पारावर कुठे कागद वापरला होता?

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या गुरुजींनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि विचारलं, कोणाचं पाहून लिहिलंस? छाया उभी राहिली. उत्तर तिच्या जिभेवर होतं, पंचावन्न आणि छप्पन्न, एवढे दोन शब्द बोलली असती तरी पुरे होतं. पण समोर पाच शाळांचे गुरुजी आणि मागे दीडशे पोरं. तिच्या तोंडातून आवाज फुटला नाही. गुरुजी म्हणाले, पाहा, गप्प आहे, म्हणजे कबूल आहे. शून्य दिलं आणि बसवलं.

घरी आल्यावर ती रडली. महादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. म्हणाले, "खरं असते ते सांगा लागते, पोरी. खरं आपल्या पायानं चालत नाई."

वर्ध्याची सोय गेली. पुढे छायाने सेलूहून एसटीने ये-जा करून बीएस्सी केलं, मग लग्न झालं. नवरा माणिकराव, सरकारी कार्यालयात लिपिक. सज्जन माणूस, पण साहेबाच्या खुर्चीलासुद्धा नमस्कार करणारा. बीएड करायचं राहून गेलं आणि म्हणून शाळेची नोकरीही राहून गेली. मग वर्ध्यात नागपूर रोडवर एक अकॅडमी निघाली, तिथे छायाबाई तासिका तत्त्वावर लागल्या. तासिका तत्त्व म्हणजे शिकवलं तेवढ्या तासांचं मानधन, सुट्टीचं काही नाही, आणि दर जूनला पुन्हा मुलाखत. छायाबाईंनी एकोणीस जून पाहिले. एकोणीस वेळा त्यांना विचारलं गेलं की तुमच्याबद्दल थोडं सांगा. ज्यांनी त्यांच्याकडे शिकून पदवी घेतली त्यातले दोघे त्यांच्यानंतर येऊन कायम झाले. बाई दर जूनला जात राहिल्या, कारण फळ्यापुढे उभं राहिलं की त्यांना बाकी सगळं विसरायला होई. आणि घरी, शनिवार-रविवारी, सतरंजी आणि पोळ्यांचा डबा.

स्वरदा त्या सतरंजीवर आली दोन वर्षांपूर्वी. जाम गावची पोरगी. जामच्या चौफुलीवर तिची आई प्रमिलाबाई पोहे आणि तर्रीचा ठेला चालवते, पहाटे पाचला भट्टी पेटते. वडील नाहीत. पोरगी शनिवारी एसटीने यायची, आणि अंगाला फोडणीचा वास यायचा म्हणून दाराशी बसायची. छायाबाईंनी तिसऱ्याच शनिवारी तिला ओढून मध्ये बसवलं. म्हणाल्या, "वासानं गणित चुकत नाई. भेवानं चुकते."

स्वरदाची बुद्धी अशी होती की छायाबाईंना कधीकधी तिच्यासाठी आकडे शोधायला रात्र पुरत नसे. पोरीला एकच खोड, बाईंनी लावलेली. कागदाला हात लावायची नाही.

ती अकॅडमी दर जानेवारीत एक परीक्षा घेते. खेड्यापाड्यातून दोनशेवर पोरं बसतात. पहिल्या वीस जणांना दोन वर्षं शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. स्वरदासाठी हीच एक खिडकी होती. ती मिळाली तर अभियांत्रिकीची वाट, नाहीतर दहावीनंतर ठेल्यावर झारा. प्रमिलाबाईंनी तसं स्पष्टच सांगितलं होतं आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

एरवी ही प्रश्नपत्रिका छायाबाईच काढत. यंदा मात्र संचालक श्रीधर सरांचा पुतण्या मिहिर पुण्याहून आला होता. इंजिनिअर, हुशार, बोलायला गोड. त्याने सांगितलं की आता प्रश्न आणि उत्तरतालिका दोन्ही संगणक करेल, माणसाकडून चुका होतात. छायाबाईंना कोणी विचारलं नाही.

निकाल लागला. स्वरदा एकविसावी. विसाव्या मुलापेक्षा एक गुण कमी.

छायाबाईंनी तिची प्रश्नपत्रिका मागवली आणि उत्तरतालिकेशी ताडून पाहिली. सदतिसाव्या प्रश्नावर त्यांचं बोट थांबलं. दोनचा तीन हजारावा घात आणि तीनचा दोन हजारावा घात यांपैकी मोठी संख्या कोणती? प्रश्न ओळखीचा होता. मागच्या वर्षी त्यांनीच विचारला होता, दोनचा पंच्याहत्तरावा आणि तीनचा पन्नासावा. मिहिरने फक्त आकडे फुगवले होते. स्वरदाने खूण केली होती, दुसरी मोठी. तालिकेत छापलं होतं, दोन्ही समान.

छायाबाईंनी तालिका दोनदा वाचली. तीन दोन गुणले की आठ, असे हजार आठ. दोन तीन गुणले की नऊ, असे हजार नऊ. हजार नऊ आणि हजार आठ समान? त्या उठल्या आणि तशाच, पदर खोचलेल्या, अकॅडमीत गेल्या. प्रश्नाला दोन गुण होते, पोरगी एकाने मागे होती. हिशेब सरळ होता.

श्रीधर सरांच्या केबिनमध्ये मिहिरही होता. बाईंनी आठ आणि नऊ सांगितले. मिहिर हसून म्हणाला की मॅडम, कॉम्प्युटरनं दोन्ही काढून पाहिलेत, त्यांत काडीचा फरक नाही. एवढी मोठी संख्या तोंडी कशी कळेल? श्रीधर सरांनी स्वरदाची कच्च्या कामाची पानं मागवली. सगळी कोरी होती. सर चष्मा काढून म्हणाले की साठ प्रश्न आणि एक रेघ नाही, हे जरा विचित्र वाटतं. मुलगी तुमच्या शिकवणीतली. तुम्ही इथल्या. लोक काय म्हणतील, बाई? तिला उत्तरं कुठून मिळाली, असं कोणी विचारलं तर?

छायाबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो प्रश्न पुन्हा समोर आला होता, फक्त धोतर जाऊन सफारी आला होता.  या वेळी त्यांना राग आला, चांगला सणसणीत.

"मी पेपर फोडला असता, सर," त्या म्हणाल्या, "त तुमचं हे चुकीचं उत्तर सांगितलं असतं तिले. एवढं तरी गणित करा."

मिहिरने मान खाली घातली, बहुधा हसू लपवायला. श्रीधर सरांना हसू आलं नाही. पण ते व्यवहारी माणूस. बाईंना पाणी दिलं, पंखा वाढवला आणि आवाज उतरवला. अडचण वेगळीच होती. चौकात फ्लेक्स लागला होता. वीस पोरांचे फोटो, वर सरांचा मोठा फोटो, खाली अभिनंदन. आता तालिका चुकली म्हणायचं तर सगळ्यांचेच गुण बदलणार, यादी बदलणार, फ्लेक्स उतरवायचा, पालक भांडायला येणार, आणि बाजूच्या क्लासवाल्यांना आयतं कोलीत मिळणार. त्यापेक्षा सरांनी तोड काढली. स्वरदाला एकविसावी म्हणून घेऊ. विशेष बाब, गरीब घरची, संस्थेचं औदार्य. तालिकेबद्दल मात्र कोणी काही बोलायचं नाही. रविवारी पालकसभा आहे, तिथे तिचं नाव जाहीर करून टाकू.

छायाबाई म्हणाल्या, उद्या सांगते.

वास्तविक त्यांना तिथेच नाही म्हणायचं होतं. पण जागा त्यांची नव्हती, पोरीची होती. दुसऱ्याच्या ताटातलं उधळून आपला स्वाभिमान मिरवणारी माणसं त्यांना आवडत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जामला गेल्या. ठेल्यावर ट्रकवाल्यांची गर्दी होती. प्रमिलाबाईंनी बाईंसाठी बाकडं पुसलं, पोह्यांवर तर्री घातली आणि उभ्यानेच सगळं ऐकलं.

प्रमिलाबाई म्हणाल्या, "जागा भेटून राह्यली न, मॅडम? मंग कशी भेटली हे कोन पाह्यते? पोट्टी शिकन, एवढंच पाह्यजे मले."

 पहाटे पाचला भट्टी पेटवणाऱ्या बाईला तत्त्वाच्या गोष्टी काय सांगायच्या? त्यांनी कबूल केलं की तुमचं बरोबर आहे. तुम्ही हो म्हणा, मी तोंड उघडणार नाही. हे म्हणताना त्यांना फार वाईट वाटलं, पण त्यांनी ते मनापासून म्हटलं.

स्वरदा कांदे चिरत होती. चिरता चिरताच तिने विचारलं, "मंग त्या कागदावर माह्या उत्तरापुढं चूक तशीच राहीन?"

मग तिने बाईंकडे पाहिलं.

"मी चुकली नाई न, मॅडम?"

छायाबाई म्हणाल्या, नाही.

"मंग मी इशेष बाब काऊन? मले सांगतीन का ते, रोज जेवताना, की तुले आमी दयेनं घेतलं?" तिने सुरी खाली ठेवली. "मले माहे दोन मार्क पाह्यजे. नाई भेटले त मी हितंच बसतो, कांदे चिरत."

प्रमिलाबाईंनी पोरीकडे पाहिलं. रागाने की अभिमानाने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग झारा परातीत टाकून त्या म्हणाल्या की रविवारी ठेला बंद ठेवू, बारा वर्षांत एक रविवार बंद राहिला तर ट्रक काही उलटणार नाहीत.

रविवारी अकरा वाजता अकॅडमीचा हॉल गच्च भरला. शिक्षक, कारकून, कास्तकार, नातवंडांचे आजोबा. मंचावर श्रीधर सर, बाजूला मिहिर लॅपटॉप घेऊन. माणिकराव शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते, पळायला सोपं पडावं म्हणून. घरून निघताना त्यांनी बायकोला बजावलं होतं की मोठ्या लोकायच्या नादी लागू नोको, जूनले मुलाखत हाये. छायाबाई म्हणाल्या होत्या, दर जूनले असते.

सरांनी भाषण केलं. मग संस्थेच्या औदार्याकडे वळले, आणि स्वरदाचं नाव घेण्याआधीच छायाबाई उठल्या. माइक मागितला नाही. त्यांना तो लागत नाही.

त्या म्हणाल्या की घात वगैरे राहू द्या बाजूला, ते ज्याला येतं त्याला येतं. मी सगळ्यांना एक पोराटोरांचा खेळ विचारते. चिंचोके मुठीत घेऊन आपण सगळे खेळलोय, जोड्या लागल्या तर बेकी, एक उरला तर एकी. एकी का बेकी?

"दोनाले दोनानं गुणा," त्या म्हणाल्या. "पुन्हा दोनानं गुणा. पुन्हा. तीन हजार डाव गुणा. काय येईन? एकी का बेकी?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. पहिल्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, बेकी. दुसरं काय?

"आता तिनाले तिनानं गुणा. नऊ. पुन्हा तिनानं, सत्तावीस. मंग एक्याऐंशी. दोन हजार डाव गुणा. एकी का बेकी?"

या वेळी दहा-वीस आवाज एकदम आले, एकी. त्यांत प्रमिलाबाईंचा आवाज ठेल्यावर कमावलेला, तो वेगळा ऐकू आला.

छायाबाईंनी उत्तरतालिका वर धरली. "मंग ह्या कागदावर लिहून हाये की हे दोन्ही आकडे समान हायेत. एकी अन् बेकी समान कवापासून झाली, एवढंच मले कोनी सांगा. मी बसतो."

आणि त्या बसल्या.

हॉलमध्ये जी कुजबुज सुरू झाली ती श्रीधर सरांना थांबवता येईना. ते काहीतरी तांत्रिक बाब आहे असं म्हणत होते, आणि आजोबा बाजूच्याला समजावून सांगत होते की बेकी म्हटलं आणि एकी निघाली तर चिंचोके द्यावे लागतात. मिहिर लॅपटॉपवर वाकला होता. त्याची बोटं चालली, थांबली, पुन्हा चालली. मग तो उठला. काकांनी त्याच्या बाहीला हात लावला, तो त्याने हळूच सोडवला.

"मॅडमचं बरोबर आहे," तो माइकवर म्हणाला. "मी आत्ता दोन्ही आकडे पाहिले. यंत्राला ते मावलेच नाहीत. जो आकडा त्याला मावत नाही त्याला ते अनंत म्हणतं. त्यानं दोघांनाही अनंत म्हटलं, आणि अनंत बरोबर अनंत. मी तेच छापलं. चूक माझी आहे."

छायाबाईंना तो पोरगा त्या क्षणी फार आवडला. आपल्याला पंधराव्या वर्षी जे जमलं नाही ते याला पंचविसाव्या वर्षी जमलं, तेही मंचावर, काकांसमोर. पण कौतुक करायची त्यांना सवय नाही. त्यांनी स्वरदाला कोपराने ढोसलं.

स्वरदा फळ्याकडे गेली. अंगाला आज फोडणीचा वास नव्हता, पण असता तरी ती गेली असती. तिने खडू घेतला, आठ लिहिला, नऊ लिहिला, दोघांच्या डोक्यावर हजार लिहिलं आणि मध्ये एक उभी रेघ ओढली. मागे वळून म्हणाली, "मी हे मनात केलं होतं. म्हनून पानं कोरी होती."

यादी बदलली. त्याला चार दिवस लागले. दोन्ही समान म्हणणाऱ्यांचे गुण गेले, दुसरी मोठी म्हणणाऱ्यांना मिळाले, आणि स्वरदा चौदावी आली. दोन पोरं विसातून बाहेर पडली. छायाबाईंनी तिथेही तोंड घातलं, की चूक तुमची, त्या पोरांनी काय पाप केलं, वसतिगृहात दोन खाटा वाढवा. फ्लेक्सवर फोटो छापून झाले होते, ते काढण्यापेक्षा खाटा वाढवणं सरांना परवडलं. मधले फोटो तसेच राहिले. खाली कोपऱ्यात, अभिनंदनाच्या अक्षरांवर, स्वरदासह नव्याने आत आलेल्या दोघांचे फोटो चिकटवले. स्वरदाचा थोडा तिरका लागला होता.

फेब्रुवारीच्या वेळापत्रकात छायाबाईंचं नाव नव्हतं. फोन नाही, पत्र नाही, फक्त त्यांच्या दोन तासांच्या जागी दुसरं नाव टंकलेलं होतं. जूनची वाटसुद्धा पाहिली नाही अकॅडमीने.

त्या दुपारी बाई अंगणात उन्हाला बसून संत्रं सोलत होत्या. माणिकराव बाजारातून आले, वेळापत्रकाची बातमी त्यांना बाहेरच कळली होती. सायकल लावली आणि बाजूच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं गेली तुही. कायच्यापायी? त्या पोरीच्या दोन मार्कासाठी. हे कोनतं गणित म्हनावं?" आवाजात चीड नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि बायकोसाठी वाईट वाटत होतं.

छायाबाईंनी संत्र्याच्या फोडी वेगळ्या केल्या. अर्ध्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

"तुम्ही ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहून राह्यले, म्हनून फसता," त्या म्हणाल्या. "मधी धुरा घाला. सेलूले त्या पाच गुरुजींसमोर मी गप उभी होती, तो एक दिवस मधी ठेवा. माह्या एकोणीस वर्षांहून तो एक दिवस मोठा होता, हे मले पुरतं ठाऊक हाये. अन् त्या दिवसाहून ह्या पोरीचे दोन मार्क मोठे. मंग मोजता कायले?"

माणिकराव फोड तोंडात धरून विचार करत राहिले. तेवढ्यात फाटक वाजलं. शनिवार होता. पोरं आली होती, आणि दाराशी डब्यात एकेक मोबाइल पडल्याचा आवाज येऊ लागला. छायाबाईंनी हात झटकले, पदर खोचला आणि उठता उठताच पहिले दोन आकडे टाकले.